पाळणाघराचा परवाना कुठे मिळतो?

पाळणाघर काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: लायसन्स कुठून काढायचं? मीही तो महापालिकेत विचारला, क्षेत्रीय कार्यालयात विचारला, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारला. आज माझं पाळणाघर रीतसर चालू आहे, फाइल चांगली जाडजूड झाली आहे, पण ‘हा घ्या तुमचा पाळणाघराचा परवाना’ म्हणून कुणी एक कागद हातात दिलेला नाही. जागेचा कागद आहे, विजेचा आहे, खाऊचा आहे, नोकरांचा आहे. तुम्हाला मुलं सांभाळता येतात का, एवढंच कुठल्या टेबलावर विचारलं गेलं नाही. नव्याने पाळणाघर काढू पाहणाऱ्या एकदोघी अलीकडे माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांना जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहिते.

बालविकास कार्यालयातल्या मॅडमनी निदान बसायला खुर्ची दिली. कपाटातून त्यांनी जो फॉर्म काढला तो बालगृहाचा होता. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ४१. निवासी क्षमता किती, अधीक्षक कोण, बालकल्याण समितीने पाठवलेली मुलं किती, असे रकाने. मी म्हटलं, “मॅडम, माझ्याकडची मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग तुम्ही आमच्यात येत नाही.” शिक्षण विभागात गेले तर तिथे कळलं की मान्यता शाळेला लागते, आणि शिक्षण हक्क कायद्याची शाळा सहाव्या वर्षापासून सुरू होते. माझ्याकडचं सर्वांत मोठं मूल साडेचार वर्षांचं. प्रत्येकाने कायद्याला धरूनच उत्तर दिलं, आणि प्रत्येकाच्या उत्तराचा अर्थ ‘इथे नाही, पुढे बघा’ असाच निघाला.

ओळखीच्या एका आर्किटेक्टने मग मलाच उलट विचारलं, “परवान्याचं राहू दे, जागा कुठली घेतेयस ते सांग.” तिथून कामाला दिशा मिळाली. आपल्याकडे पाळणाघराचे बहुतेक नियम जागेला चिकटलेले आहेत. जागा ठरली की कुठली दारं ठोठवायची ते आपोआप ठरतं.

तोवर माझं काम राहत्या घरातच चालायचं. मी आधी बालवाडीत शिकवायचे. ते सुटल्यावर शेजारच्या एकीची मुलगी दुपारपुरती सांभाळायला घेतली, तिच्या मैत्रिणीने आपलं बाळ आणून दिलं, आणि हॉलमध्ये पाळणे वाढत गेले. मदतीला सासूबाई. एवढ्या प्रमाणावर कुणी हरकत घेत नाही, आणि नियमही बऱ्यापैकी सोबतीला असतात. राहत्या घराच्या एका भागात काम चालवणाऱ्याला महावितरण घरगुती दर लावतं, फक्त वापर महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिट यांच्या आत हवा. आमचा होता. पण मुलं झोपण्याची आणि सासूबाईंची मालिका लागण्याची वेळ एकच पडायला लागली, तेव्हा वेगळी जागा बघायची वेळ झाली हे दोघींनाही कळलं.

शेजारच्या सोसायटीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. तळमजलाच हवा हा माझा हट्ट होता. आग लागली तर रांगणारं बाळ आणि चालता येणारं बाळ यांना एकाच वेळी जिन्यावरून उतरवता येत नाही, हे कुणी नियमात लिहून द्यायची गरज नाही. मालक निवृत्त गृहस्थ, मी त्यांना काका म्हणते. काका तयार होते, पण एजंटने आणलेला लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा वाचला तर त्यात छापील कलम: ‘सदर जागेचा वापर केवळ निवासासाठी करण्यात येईल.’ एजंट म्हणाला, “ताई, सगळ्यांच्यात असंच असतं, कोण वाचतंय.” पुढे प्रत्येक ठिकाणी पहिला कागद म्हणून हाच करार मागितला गेला. कलम बदलून ‘पाळणाघरासाठी’ असं स्पष्ट लिहून घेतलं आणि मगच नोंदणी केली. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरी भागात नोंदणी फी एक हजार. त्यात वाचवण्यासारखं काही नाही.

आता झोन, म्हणजे नगररचनेच्या नकाशात जागा कुठल्या विभागात येते ते. नगररचना विभागातून झोन दाखला काढायला सर्व्हे नंबर लागतो, तो सोसायटीच्या मिळकतपत्रिकेवरून घेतला. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, तिला तिथले सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. मुंबईची आपली वेगळी. दाखल्यावर ‘निवासी विभाग’ असं आलं तेव्हा मला वाटलं, संपलं, इथे धंदा नाही. अभियंता साहेबांनी नकाशावर पेन्सिल टेकवून रस्त्याची रुंदी बघितली आणि म्हणाले, “झोनची अडचण नाही. बालवाडी, पाळणाघर निवासी विभागात बसतं. मुलं राहतात तिथेच पाळणाघर असणार ना? अडचण तुमच्या फ्लॅटची आहे.” मंजूर नकाशात तो फ्लॅट ‘निवासी’ होता. १९६६ च्या नगररचना कायद्यात इमारतीच्या वापरातला मोठा बदलसुद्धा ‘विकास’ धरला जातो, भिंतीला हात लावला नाही तरी. तेव्हा आर्किटेक्टमार्फत वापरबदलाचा अर्ज द्या, मालकाचं संमतिपत्र जोडा, आणि सोसायटीची एनओसी.

झोन आणि वापर या दोन गोष्टी लोक हमखास एकत्र करतात. झोन आख्ख्या गल्लीचा असतो, वापर तुमच्या चार भिंतींचा. झोनमध्ये चालतं म्हणून फ्लॅटमध्ये चालतं असं होत नाही.

एनओसीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते म्हणाले, महापालिकेची परवानगी आणा, मग एनओसी देतो. महापालिका म्हणत होती एनओसी आणा, मग परवानगी देतो. हा फेरा भाड्याच्या जागेत काही करू पाहणाऱ्या कुणालाही ओळखीचा असेल. यातून वाट अशी निघाली की सोसायटीने सशर्त एनओसी द्यायची: महापालिकेची मंजुरी मिळाल्यास आमची हरकत नाही, न मिळाल्यास हे पत्र रद्द. ही वाक्यरचना आर्किटेक्टने सुचवली. पण कमिटीला एकट्याने सही करायची नव्हती. विषय विशेष सर्वसाधारण सभेत गेला.

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, रविवारी सकाळी. मला सभासद नसल्यामुळे बोलायचा हक्क नव्हता. काकांनी विनंती केली म्हणून शेवटी बोलू दिलं. आक्षेप मी घरूनच लिहून नेले होते आणि जवळपास सगळे तेच निघाले: आवाज, गाड्या, बाहेरच्यांची ये-जा, डायपर. एका आजोबांनी विचारलं, “मुलं रडली तर?” मागून एक बाई म्हणाल्या, “अहो, तुमची नात रडते ती आम्ही ऐकतोच की.” त्यावर हशा झाला आणि वातावरण जरा सैल पडलं. नंतर बोलल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या एक सासूबाई. त्यांची सून बाळंतपणाची रजा संपवून कामावर जाणार होती, आणि त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. “माझं नाव मांडून घ्या, पहिली अ‍ॅडमिशन आमची,” असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं. माझ्या भाषणाने जेवढी मतं फिरली असतील त्याहून जास्त त्या एका वाक्याने फिरली असावीत.

सगळ्यात अडचणीचा प्रश्न एका तरुण वडिलांचा होता. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात लहान बाळाला मारहाण झाली होती, त्याचं सीसीटीव्ही चित्रण तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर दाखवलं गेलं. “तसं इथे होणार नाही याची हमी काय?” त्यांनी विचारलं. तोंडी हमीला काही अर्थ नसतो. मी सांगितलं की स्वच्छतागृह सोडून प्रत्येक खोलीत कॅमेरा राहील, आणि पालक मागतील तेव्हा त्यांना चित्रण बसून बघता येईल. थेट प्रक्षेपण मात्र सगळ्यांच्या मोबाइलवर देणार नाही, कारण एकाच्या मुलाबरोबर बाकीच्यांचीही मुलं त्यात दिसतात. काहींना हे पटलं नाही. माझं मत अजून तेच आहे.

ठराव अटींसह मंजूर झाला. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, गाड्या गेटबाहेर, लिफ्टचा संबंध नाही, डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. डायपर गुंडाळूनच टाकायचे हे तसंही तेव्हाच्या, २०१६ च्या, घनकचरा नियमांत होतंच. आमच्याकडे पुडीवर लाल पेनने ठिपका काढतात, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना उघडून बघावं लागत नाही. हे मुलांच्या आयांनाही शिकवलं.

मग पैशाचा विषय आला. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनवापर शुल्क घेते, ते महापालिकेचे कर वगळून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, असा १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. कमिटीने मागितला दुप्पट मेंटेनन्स, ‘कमर्शियल’ म्हणून. काकांनी आदेशाची प्रत समोर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “उपनिबंधकांकडे विचारून बघू या का?” दहा टक्क्यांवर मिटलं. वरून मी गेटवरच्या वॉचमनच्या चहापाण्याचं आपणहून मान्य केलं, कारण सकाळची गर्दी आवरतो तोच.

मालमत्ता कराचा मुद्दा काकांना जास्त बोचत होता. वापर बदलला की कर बिगरनिवासी दराने लागणार, आणि मी जागा सोडल्यावर तो परत निवासी करून घ्यायला त्यांनाच फिरावं लागणार. फरक मी भरायचा आणि जाताना बदलाचा अर्जही मीच द्यायचा, असं करारात घातलं. वीजमीटरचंही तसंच. वायरमन म्हणाला, “कशाला बदलताय, चालू द्या घरगुती.” पण वीज कायद्याच्या कलम १२६ खाली मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर पकडला गेला तर लागू दराच्या दुपटीने आकारणी होते, आणि वापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. एवढी रक्कम काकांच्या नावाच्या मीटरवर आली असती तर पाळणाघर आणि काका दोन्ही गेले असते. दर बदलून घेतला.

अग्निशमन विभागात गेले ते भीतभीत, पण सगळ्यात उपयोगी माणूस तिथेच भेटला. त्याने आधी इमारत किती मजली विचारलं. सात. मग म्हणाला, सोसायटीचा ‘बी’ फॉर्म आणा. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतीने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. सोसायटीत चौकशी केली तर शेवटचं प्रमाणपत्र कुठल्या कमिटीच्या काळातलं यावरच वाद. माझ्या निमित्ताने जिन्यातली लाल नळकांडी भरून आली, पंप चालू झाला, आणि सेक्रेटरी मला काही दिवस टाळायला लागले. त्या अधिकाऱ्याने जागा बघून दोन गोष्टी सांगितल्या: खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप करा, तिची किल्ली तिथेच खिळ्याला, मुलांच्या हाताच्या वर, आणि बाहेरच्या दारासमोर चपलांचं कपाट ठेवू नका. चपलांचं कपाट अगदी तिथेच होतं.

बाकीचे कागद घरबसल्या होतात, त्यासाठी एजंटला हजारो देऊ नका. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. मी केलं तेव्हा, २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. पाटी मराठीत हवी, छोट्या आस्थापनांनाही २०२२ पासून ते बंधनकारक आहे. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, फुकट. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. मदतनिसांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा नव्हता, कारण एप्रिल २०२३ पासून महिलांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर माफी आहे, आणि आमच्याकडे तेवढा पगार मलाही पडत नाही. खाऊ आपण करून देणार असू तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी, मी घेतली तेव्हा छोट्या उलाढालीला वर्षाला शंभर रुपये. डबा घरून येत असला तरी मी ती घेतली, वाढदिवसाला काही ना काही बनतंच.

मध्यंतरी जवळच्या एका कंपनीतून फोन आला. तेव्हाच्या मातृत्व लाभ कायद्याने, २०१७ च्या दुरुस्तीनंतर, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागत असे. स्वतः काढण्यापेक्षा माझ्याशी करार करणं त्यांना सोयीचं होतं. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “क्रेश लायसन्सची कॉपी पाठवा, ऑडिटला लागते.” मी आख्खी फाइल स्कॅन करून पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न: “यातलं लायसन्स नेमकं कुठलं?” बरीच चर्चा होऊन त्यांनी आपल्या तक्त्यातल्या त्या रकान्यात गुमास्त्याच्या पावतीचा क्रमांक टाकला.

पण त्याच मॅडमनी एक गोष्ट पाठवली, जी कुठल्याही कार्यालयाने दिली नव्हती. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने त्या कायद्यासाठी २०१८ मध्ये काढलेल्या किमान मार्गदर्शक सूचना. त्यात पहिल्यांदा मला मुलं दिसली. प्रत्येक मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई, तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस. मी टेप घेऊन दोन्ही खोल्या मोजल्या, पाळणे आणि कपाटं वजा केली, आणि किती मुलं घ्यायची तो आकडा आतल्या भिंतीवर लिहून टाकला. दहा बाळांमागे एकच बाई हे प्रमाण माझ्या मते खूपच सैल आहे. चार रांगती मुलं एकाच वेळी चार दिशांना निघाली की कळतं. आम्ही त्याच्या निम्म्यावर थांबतो. फी त्यामुळे जास्त पडते, आणि ते मी पालकांना आधीच सांगते.

दुसरा मुलांशी संबंध असलेला नियम पॉक्सोचा, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा. २०२० च्या पॉक्सो नियमांत पाळणाघराचं नाव घेऊन म्हटलंय की मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची, मग तो कंत्राटी का असेना, ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी करून घ्यायची. हे करायला मला कुणी सांगितलं नाही, केलंय का ते बघायलाही अजून कुणी आलेलं नाही. अख्ख्या फाइलमध्ये सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत आधी करायचा कागद हाच, असं मला वाटतं.

आमच्या मदतनीस मावशींना मात्र हे सांगणं जड गेलं. सासूबाईंच्या वेळेपासूनच्या त्या. पोलीस चौकीचं नाव काढलं आणि त्यांच्या हातातलं दुपटं तसंच राहिलं. “ताई, मी काय चोरी केली का?” मी म्हटलं, माझीही करून घेणार आहे, आधी माझी, मग तुमची. तशी दोघींचीही केली. अर्ज ऑनलाइन, नंतर ठाण्यात कागद दाखवायचे. आधारवर पत्ता मराठवाड्यातल्या गावाचा, राहणं इथलं, त्यामुळे दोन्हीकडून तपासणी. गावच्या पोलीस पाटलांनी त्यांच्या भावाला घरी जाऊन विचारलं, “बहीण कुठे असते?”, आणि भावाने घाबरून रात्री फोन केला. त्याची समजूत घालायला मावशींना बराच वेळ लागला. दाखला आला तेव्हा त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःकडे ठेवला, मला झेरॉक्स दिली.

नियमात ‘ठरावीक काळाने’ असल्यामुळे मी त्याची तारीख लिहून ठेवली आहे. यंदा मावशींची दुसरी वेळ. नवीन लागलेली पोरगी कुरकुरत होती, तिला त्याच घेऊन गेल्या. दारातून निघताना सांगत होत्या, “दोन फोटो घे, आधार घे, आणि गावचा पत्ता नीट लिही, नाहीतर तुझा भाऊ पण रात्री फोन करेल.”